आल्प्सपलीकडचा बेत

प्रत्यक्ष प्रवासापेक्षा प्रवासाचा बेत आखणे अधिक सुखाचे, अशी आमची आजवरची समजूत होती. बेतात गाडी चुकत नाही, पोट बिघडत नाही, आणि सारा खर्च कागदावरच होतो. या समजुतीच्या बळावर आम्ही गेल्या तीस वर्षांत घरबसल्या काशी, बदरीनारायण आणि दार्जिलिंग अशा कित्येक यात्रा पार पाडल्या. सौ.ने त्या सर्व मुकाट्याने सहन केल्या. परंतु गेल्या वर्षी आमची कन्या पुण्यास नोकरीला लागली. तिने पहिल्या वर्षाच्या शिल्लकेतून विमानाच्या दोन तिकिटांचे पैसे आमच्यापुढे ठेवले आणि म्हणाली, "आप्पा, या वेळचा बेत कागदावर ठेवायचा नाही. कुठं जायचं ते तेवढं सांगा."

आमच्या तोंडून विचार करण्याआधीच शब्द निघून गेला: आल्प्स.

त्याला कारण होते. आम्ही पदवीने मराठीचे. तथापि सरकारी शाळेत ज्या विषयाला शिक्षक नसतो तो मुख्याध्यापकाचा विषय होतो. त्यामुळे सातवीचा भूगोल बरीच वर्षे आमच्याकडे आहे. शाळेच्या कपाटातील एका जुन्या मासिकात एक रंगीत चित्र होते. लाल रंगाची छोटी आगगाडी दगडी कमानींच्या एका गोल पुलावर वळून जणू स्वतःचेच शेपूट पाहत आहे, असे ते चित्र. आम्ही ते वर्गात दाखविले तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, सरळ जायचं सोडून ती गोल का फिरत्येय?" आम्हांला उत्तर ठाऊक नव्हते. "पुढच्या तासाला सांगू," असे आम्ही म्हणालो, आणि तो पुढचा तास काही आला नाही. शिक्षकाच्या पेशात अशी थकलेली देणी पुष्कळ असतात. त्यांपैकी हे एक आम्ही विसरलो नव्हतो.

ती गाडी बेर्निना मार्गावरची. स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडेन प्रांतातील कूर या गावाहून निघून ती आल्प्स ओलांडते आणि इटलीतील तिरानोला उतरते. या प्रवासास चार तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. वाटेत ५५ बोगदे आणि १९६ पूल आहेत. अल्बुला नावाचा उत्तरेकडील भाग १९०३-०४ साली खुला झाला. सेंट मॉरिट्झ ते तिरानो हा ६१ किलोमीटरांचा बेर्निना भाग १९१० साली पुरा झाला, आणि तो आरंभापासून विजेवर चालतो. २००८ साली युनेस्कोने या दोन्ही भागांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्याच वर्षी आपली कालका-सिमला गाडीही त्या यादीत गेली. रूळ एक मीटर रुंदीचे, म्हणजे आमच्या लहानपणी बेळगावाहून लोंढ्याकडे धावणाऱ्या गाडीच्याच मापाचे. हे वाचले तेव्हा आम्हांला त्या परक्या गाडीविषयी एकदम आपुलकी वाटू लागली.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर. रेल्वेची पोलादी चाके पोलादी रुळांवर फार चढ सोसू शकत नाहीत. बोरघाटात किंवा आपल्या कॅसलरॉकच्या घाटात चढ सुमारे सदतीसास एक आहे, आणि तेवढ्यासाठीसुद्धा जादा इंजिने जोडावी लागतात. बेर्निनावर तो शंभरास सात, म्हणजे जवळजवळ चौदास एक आहे. तोही दातेरी रुळाच्या मदतीवाचून. ऑस्पित्सिओ बेर्निना हे सर्वांत उंच स्थानक २,२५३ मीटरवर, तर तिरानो अवघे ४२९ मीटरवर. मधले अंतर अडतीस किलोमीटरांच्या आसपास. दरी अरुंद आणि उतार मोठा. सरळ जावे तर शंभरास सातची मर्यादा मोडते. म्हणून ब्रुझिओ गावाजवळ अभियंत्यांनी नऊ कमानींचा गोल पूल बांधला. गाडी त्यावरून फेरा घेते आणि आपल्याच रुळांखालून बाहेर पडते. उंची तितकीच उतरायची. वाट तेवढी लांबविली. अल्बुला भागात बेर्ग्युन ते प्रेडा या दोन स्थानकांमधील अंतर सरळ रेषेत सहा-साडेसहा किलोमीटर असेल. पण चारशे मीटरांहून अधिक उंची चढायची असल्यामुळे डोंगराच्या पोटात वेटोळी घेत रूळ जवळजवळ दुप्पट लांब झाले आहेत.

हे उत्तर हाती आले त्याच आठवड्यात चोर्ला घाटातून गोव्याकडे जाण्याचा प्रसंग आला. बसचा चालक आमच्याकडे पाहून हसला. तोच तो मागच्या बाकावरचा मुलगा! आम्ही उत्साहाने त्याला गोल पुलाचे रहस्य सांगू लागलो. एक वळण घेऊन तो म्हणाला, "सर, ते आता मला ठाऊक हाय. रोज तेच करतोय की." जुने देणे फेडावयास गेलो आणि सावकाराने ते केव्हाच माफ केले असल्याचे कळले.

पुढचा प्रश्न गाडी कोणती, हा होता. या मार्गावर बेर्निना एक्स्प्रेस नावाची प्रसिद्ध गाडी आहे. तिच्या डब्यांच्या काचा छतापर्यंत गेलेल्या असतात. तिच्यासाठी तिकिटाखेरीज जागेचे वेगळे आरक्षण पैसे भरून करावे लागते, आणि मोसमात ते बरेच आधी करावे लागते. आमचा कल अर्थातच तिच्याकडे होता. एवढ्या लांब जायचे आणि साध्या गाडीत बसायचे, हे आमच्या मध्यमवर्गीय मनास पटेना. कोणत्या बाजूस बसावे याचाही आम्ही अभ्यास केला. उत्तरेकडून दक्षिणेस जाताना उजवी बाजू धरावी. ६५ मीटर उंचीचा लांडवासर पूल, जो संपताच गाडी थेट उभ्या कड्यातील बोगद्यात शिरते, तो त्या बाजूने डोळाभर दिसतो. पुढे मोर्तेरात्शची हिमनदी आणि घाटमाथ्यावरचे तळेही उजव्याच हातास. सर्व माहिती आम्ही फूलस्केप कागदावर रकाने आखून सौ.पुढे ठेवली.

तिने एकच प्रश्न विचारला. "त्या काचा उघडतात का हो?"

त्या उघडत नाहीत.

सौ.चे माहेर खानापूरचे. लहानपणी ती आजोळी मडगावला जाई ती कॅसलरॉकवरून, मीटर गेजच्या गाडीने. दूधसागराशी गाडी मंदावे, आणि पावसाळ्यात धबधब्याचे तुषार खिडकीतून थेट तोंडावर येत. तिची आजी म्हणे, डोळे मिटू नको, तीर्थ आहे. "मला काचेतून बघायचं नाही," सौ. म्हणाली. "काचेतून बघायचं तर घरात टीव्ही आहे की. मला खाली उतरून उभं राहायचंय."

तेव्हा आम्ही पुन्हा अभ्यासास बसलो, आणि असे दिसून आले की, ज्या रुळांवरून ती प्रसिद्ध एक्स्प्रेस धावते त्याच रुळांवरून साध्या स्थानिक गाड्याही दिवसभर धावतात. त्यांना आरक्षण लागत नाही. काही डब्यांच्या खिडक्या उघडतात, आणि उन्हाळ्यात काही गाड्यांना बिनछपराचे पिवळे डबेही जोडतात. शिवाय ही गाडी लहानसहान स्थानकांवरही थांबते. काही ठिकाणी तर उतरणाऱ्याने डब्यातील बटण दाबले तरच थांबते. एका गाडीतून उतरावे, तास-दोन तास हिंडावे, मागून येणाऱ्या गाडीत बसावे. हे कळताच आमच्या बेताचा कायापालट झाला. चार तासांचा प्रवास आम्ही चार दिवसांत वाटून टाकला.

उतरण्याची स्थानके निवडताना मात्र मनाला आवर घालावा लागला, कारण सौ.चा उजवा गुडघा आता पूर्वीचा राहिलेला नाही. पहिले स्थानक मोर्तेरात्श. तेथून हिमनदीकडे जाणाऱ्या वाटेवर, अमुक साली बर्फाची कड येथवर होती, असे सांगणाऱ्या सालांच्या खुणा आहेत. १८७८ पासून ही हिमनदी दोन किलोमीटरांहून अधिक मागे सरली आहे. रेल्वे झाली तेव्हा प्रवासी उतरून थोडे चालत की बर्फ पुढ्यात असे. आज बरेच चालावे लागते, आणि दर वर्षी वाट लांबत आहे. आम्ही जाऊ ते थोड्या अंतरापर्यंतच. परंतु एखादी गोष्ट 'पुढच्या वर्षी पाहू' म्हणून सोडण्याची आमची जी तीस वर्षांची सवय, तिला त्या सालांच्या खुणांनी बरीच खोड मोडण्याजोगी तंबी दिली हे खरे.

दुसरे स्थानक आल्प ग्र्युम, २,०९१ मीटरवर. तेथे मोटारीचा रस्ता पोहोचत नाही. आगगाडीने जावे किंवा पायी. स्थानकावरून एका बाजूस पाल्यु हिमनदी आणि खाली खोल पोस्क्यावोची दरी दिसते. गुडघ्यास काम नाही, डोळ्यांना भरपूर आहे.

महिना ऑक्टोबरचा ठरला. दसऱ्याच्या सुटीला रजा जोडून महिन्याच्या मध्यास तेथे असावे, असा हिशेब. मे महिन्याच्या सुटीत घाटमाथ्यावर अजून बर्फ असते, आणि तळेही गोठलेले असण्याचा संभव असतो. ऑक्टोबरात मात्र तेथील लार्च वृक्ष सोनेरी होतात. हा सूचिपर्णी असूनही हिवाळ्यापूर्वी आपली पाने पिवळी करून गाळून टाकतो. पाठ्यपुस्तकात आम्ही 'सूचिपर्णी वृक्ष सदाहरित असतात' असे वर्षानुवर्षे पाठ करून घेतले. आता त्या वाक्यापुढे एक अपवाद लिहावा लागणार.

सरकारी नोकरास परदेशी जाण्यापूर्वी वरिष्ठांची परवानगी लागते. अर्जातील 'प्रयोजन' या रकान्यात आम्ही 'निसर्गदर्शन' असे लिहिले. तो कागद घेणाऱ्या गृहस्थांनी चष्म्यावरून पाहत कानडीत विचारले, "ते इथे होत नाही का?" प्रश्न रास्त होता. आम्ही नुसते हसलो, आणि परवानगी मिळाली.

मग व्हिसाचे कागद. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसले तरी शेंगेन करारात २००८ सालापासून प्रत्यक्ष सामील आहे; त्यामुळे दोन्ही देशांस मिळून एकच व्हिसा पुरतो. पारपत्र परतीच्या दिवसापुढे निदान तीन महिने चालू असावे लागते. तीस हजार युरोंचे संरक्षण देणारा प्रवासविमा लागतो. बँकेची खातेवही, मुक्कामांची आरक्षणे आणि रजेची मंजुरी जोडावी लागते. अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून पंधरा दिवसांपर्यंत करता येतो. बोटांचे ठसे स्वतः जाऊन द्यावे लागतात. आणि अर्ज कोणत्या देशाच्या वकिलातीकडे करायचा याचा नियम असा: ज्या देशात मुक्काम अधिक, त्या देशाकडे, मुक्काम समसमान असेल तर जेथे प्रथम पाऊल ठेवणार, त्या देशाकडे.

आम्ही गणित मांडले. झ्युरिक एक रात्र, कूर एक, पोंत्रेसिना दोन: स्वित्झर्लंड एकूण चार. पोस्क्यावो एक, तिरानो एक, कोमो सरोवराकाठचे वारेन्ना एक, मिलान दोन: इटली एकूण पाच. पाच हे चारापेक्षा अधिक, हे सिद्ध करण्यास कोणाची साक्ष नको होती. अर्ज इटलीकडे करावयाचा ठरला. कागद भरून तयार झाले, लखोट्यावर नाव घातले. गुढीपाडव्यास कन्या घरी आली होती. तिने आमचा तक्ता वरून खाली वाचला आणि पोस्क्यावोवर बोट ठेवले.

"आप्पा, हे इटलीत कधी गेलं?"

आम्ही मुख्याध्यापकी आवाजात सांगितले की, घाटमाथा ओलांडला की इटली लागते. स्थानकांची नावे पाहा: कावाल्या, पोस्क्यावो, ले प्रेझे, मिरालागो, ब्रुझिओ. घरांवरील पाट्या इटालियन, शाळा इटालियन, लोकांची बोली इटालियन.

"भाषा इटालियन आहे, आप्पा. देश स्वित्झर्लंड आहे. इटली शेवटी, काम्पोकोलोन्योच्या पुढं. तिरानोच्या अगदी तोंडाशी."

आम्ही नकाशा पाहिला. तिचे खरे होते. पोस्क्यावोची रात्र स्वित्झर्लंडच्या खात्यात गेली, म्हणजे स्वित्झर्लंड पाच आणि इटली चार. अर्ज भलत्याच दारात जाऊन पडला असता, आणि तेथून तो परत येईपर्यंत ऑक्टोबर उलटूनही गेला असता. विम्याचे आणि आरक्षणांचे पैसे, त्यांत कन्येची शिल्लक, हे सारे आमच्या एका रकान्यावर अवलंबून होते. खोलीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग चहा गाळता गाळता सौ. सहज म्हणाली, "बेळगावात राहून असं कसं हो चुकलात?"

वाचकहो, हे वाक्य आम्हांला अद्याप टोचते आहे. आपल्यापैकी इंदुरास, ग्वाल्हेरीस, बडोद्यास किंवा हैदराबादेस राहणाऱ्या कोणासही ते का टोचावे हे सांगण्याची गरज नाही. पुण्या-मुंबईच्या लग्नकार्यात आम्ही उभयता गेलो, की कोणी ना कोणी कौतुकाने म्हणतेच, "तुमचं मराठी किती छान आहे हो! घरी कानडीच बोलत असाल ना?" आम्ही वरकरणी हसतो आणि घरी परतेपर्यंत धुमसत राहतो. ज्याचे राज्य त्याचीच भाषा, असे गृहीत धरणारांविषयी आम्ही आयुष्यभर कुरकूर केली. आणि तीच चूक, आल्प्समधील ज्या माणसांनी आमचे काही वाकडे केले नव्हते त्यांच्या बाबतीत, आम्ही शाईने लिहून आणि खाली सही करून केली होती.

आमचे वडील आम्हांला एक गोष्ट नेहमी सांगत. लहानपणी ते आजीबरोबर मंगेशीच्या दर्शनास गेले. तेव्हा गोवा पोर्तुगिजांकडे होता. मुरगावाहून घाट चढून कॅसलरॉकला येणारी ती आगगाडीही दोन देशांना जोडणारीच होती. कॅसलरॉकला इकडचे जकातवाले पेट्या उघडून पाहत, घाट उतरून कुळ्याला गाडी पोहोचली की तिकडचे पाहत. पुढे १९५५ साली ती वाहतूकच बंद पडली, आणि १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यावर ती सीमाच पुसली गेली. वडिलांच्या गोष्टीचा शेवट मात्र जकातीत नसे. ते म्हणत, "इकडं चणे विकणारी बाई कोकणी बोलत होती, आणि तिकडं चणे विकणारीही कोकणीच बोलत होती. मी आजीला विचारलं, मग देश बदलला तो कुठं?" आजीने काय उत्तर दिले ते वडिलांना आठवत नसे. आम्हांला वाटते, उत्तर तिच्यापाशीही नसावे.

आमच्या चुकीची भरपाई म्हणून आम्ही पोस्क्यावोविषयी मिळेल ते वाचून काढले. ही दरी १४०८ सालापासून आल्प्सच्या उत्तरेकडील संघराज्याशी जोडलेली आहे. दरीच्या तोंडाशी असलेले तिरानोसुद्धा १५१२ ते १७९७ पर्यंत त्याच सत्तेखाली होते. नेपोलियनच्या काळात तिरानोचा भाग तुटून इटलीकडे गेला, पोस्क्यावो उत्तरेकडे राहिले. आज दोन्हीकडे इटालियनच बोलली जाते. मध्ये सीमा आहे इतकेच. पोस्क्यावोतून 'इल ग्रिजोने इतालियानो' नावाचे इटालियन साप्ताहिक १८५२ साली सुरू झाले. इटलीबाहेरच्या एका दरीने आपल्या भाषेतले वर्तमानपत्र स्वतःसाठी काढले, यात आपल्या या मासिकाच्या वाचकांना नवल वाटणार नाही.

आणि घाटमाथ्याच्या अलीकडची गंमत निराळीच. कूरला लोक जर्मन बोलतात. अल्बुलाचा बोगदा ओलांडून एंगाडीन प्रदेशात गेले की रोमान्श नावाची लॅटिनच्या कुळातील एक भाषा भेटते. तिला मुख्य भाषा म्हणणारे लोक आज चाळीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याच्या गावाएवढे. तरीही १९३८ साली स्वित्झर्लंडच्या मतदारांनी तिला देशाची चौथी राष्ट्रीय भाषा म्हणून मान्यता दिली. ग्राउब्युंडेन हा स्वित्झर्लंडमधील एकच प्रांत असा, की ज्याच्या राजभाषा तीन आहेत: जर्मन, रोमान्श आणि इटालियन. आमची लाल गाडी एका दिवसात या तिन्ही भाषांमधून जाते, आणि त्यांच्या सीमांवर कोणी पेट्या उघडून पाहत नाही.

घाटमाथ्यावर ऑस्पित्सिओ बेर्निनाच्या अलीकडे दोन तळी जवळजवळ आहेत. उत्तरेकडचे लेय नाइर, दक्षिणेकडचे लागो बियांको. पहिले नाव रोमान्श, अर्थ काळे तळे. दुसरे इटालियन, अर्थ पांढरे तळे. हिमनद्यांनी वाहून आणलेल्या बारीक गाळाने त्याचे पाणी दुधाळ दिसते. काळ्या तळ्याचे पाणी इन नदीतून डॅन्यूबला आणि तेथून काळ्या समुद्रास मिळते. पांढऱ्या तळ्याचे पाणी दक्षिणेस उतरून आद्दा आणि पो या नद्यांमार्गे एड्रियाटिक समुद्रात जाते. आमच्या खानापूर तालुक्यातही असेच आहे: कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे कृष्णेस मिळते, आणि त्याच रानातले म्हादईचे पाणी पश्चिमेस गोव्याकडे उतरते. बेर्निनावर मात्र जेथे पाणी वेगळे होते तेथेच तळ्याच्या नावाची भाषाही बदलते. देश बदलतो तो तेथे नव्हे. तो पुढे अडतीस किलोमीटर उतार उतरून गेल्यावर बदलतो.

हे वाचून झाल्यावर आम्ही बेतात एक फेरफार केला. मिलानची एक रात्र कमी करून ती पोस्क्यावोला दिली. आता तेथे दोन रात्री, म्हणजे स्वित्झर्लंड सहा, इटली तीन. अर्जाविषयी कोणतीही शंका उरू नये, हा एक हेतू. दुसरा हेतू असा की, ज्या गावाला आम्ही न विचारता दुसऱ्या देशात टाकले, तेथे नुसते गाडीतून जाणे बरे दिसले नसते. त्यानंतर तिरानो. तेथे ही गाडी गावच्या रस्त्यातून, सोळाव्या शतकात उभारलेल्या देवी मरियेच्या देवळासमोरून जाते, आणि मोटारी थांबून तिला वाट देतात. तेथे स्विस आणि इटालियन अशी दोन रेल्वे स्थानके शेजारी शेजारी आहेत. एकातून बाहेर पडायचे, दुसऱ्यात शिरायचे, की कोमो सरोवराच्या काठाने अडीच तासांत मिलान. पैसे फ्रँकचे युरो होतात. पारपत्र सहसा कोणी पाहत नाही, तरी ते जवळ बाळगावे.

जेवणाची चिंता सौ.ने आपल्याकडे घेतली आहे. तिरानोच्या बाजूस पित्सोक्केरी नावाचा पदार्थ प्रसिद्ध आहे: कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, त्यांत बटाटा, कोबी, चीज आणि लसणाची फोडणी. कुट्टूचे पीठ ऐकताच तिने तो उपासाच्या यादीत घातला होता. त्यात थोडी कणीकही मिसळतात हे कळल्यावर तेथून काढला. चतुर्थी येत असेल तर भगरीचे पीठ बरोबर असेलच.

अर्ज आता योग्य दारी गेला आहे. आम्ही उभयता रात्रीच्या गाडीने बंगळूरला जाऊन बोटांचे ठसे देऊन आलो. उत्तर यायचे आहे. ते होकाराचेच येईल असे गृहीत धरावयास मन धजत नाही. अलीकडे आम्ही काही गृहीत धरण्याचे जरा कमीच केले आहे.

तो फूलस्केप तक्ता स्वयंपाकघराच्या दाराला लावला आहे. आम्ही त्यावर चार रकाने आखले होते: स्थानक, उंची, वेळ आणि देश. उजवीकडच्या समासात सौ.ने पट्टी न घेता पाचवा रकाना ओढला आहे, आणि त्याच्या डोक्यावर 'भाषा' असे लिहिले आहे. कूरपुढे 'ग्र्युएत्सी', पोंत्रेसिनापुढे 'बुन दी', पोस्क्यावोपुढे 'ब्वॉनजोर्नो', असे तेथले नमस्कार तिने देवनागरीत उतरविले आहेत आणि भाजी चिरताना ती ते पाठ करते. बाजारात भाजीवालीशी कानडी, शेजारणीशी मराठी आणि मडगावच्या मामीशी कोकणी बोलणाऱ्या बाईस हे जड जाऊ नये. तिरानोपुढे तिने काहीच लिहिले नाही. वरच्या 'ब्वॉनजोर्नो'खाली वरीलप्रमाणेच्या दोन रेघा तेवढ्या ओढल्या आहेत.